अडीच लाखांची गाडी, सव्वा लाखाचं काम: जुनी वेगवान गाडी घेणाऱ्यांसाठी

२०१४ ची फियाट लिनिया टी-जेट मी पुण्यात २ लाख ४५ हजारांना घेतली. पुढच्या सात महिन्यांत तिच्या दुरुस्तीवर आणखी १ लाख २३ हजार ५०० रुपये गेले. पहिला आकडा मी सगळ्यांना सांगत सुटले होते, दुसरा आईपासून बरेच दिवस लपवून ठेवला. गाडी घेतल्याचा पश्चात्ताप मुळीच नाही. पण आधी काय आणि नंतर काय, हे ठाऊक नसल्यामुळे त्यातले निदान पंचवीस हजार आणि अडीच महिने फुकट गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

१. कोणती गाडी, हे आधी ठरवा

दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार आपल्याकडे स्वस्तात मिळत नाही. जी मिळते तिचे सुटे भाग शोधता शोधता माणूस म्हातारा होतो. आपल्याला परवडणारी वेगवान गाडी म्हणजे चारचौघींसारखी दिसणारी घरगुती गाडी, जिच्या बॉनेटखाली कंपनीनंच जरा जास्त ताकद भरून दिली आहे. या जातीच्या चांगल्या गाड्या आपल्या पुणे जिल्ह्यातच तयार झाल्या. फियाटच्या रांजणगावला, फोक्सवॅगनच्या चाकणला.

लिनिया टी-जेट २०१० मध्ये आली. १३६८ सीसीचं टर्बो (जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारं) पेट्रोल इंजिन, ११४ पीएस (पीएस आणि बीएचपी ही ताकदीची मापं) आणि साधा पाच गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. तिची दांडगट धाकटी बहीण अबार्थ पुंटो २०१५ ची, १४५ बीएचपीची. शोरूममध्ये ती ९ लाख ९५ हजारांना आली होती. फार थोड्या विकल्या गेल्या, आणि ज्यांच्याकडे आहे ते सहजासहजी सोडत नाहीत.

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली. १.२ लिटर, १०५ पीएस. चालवायला लोणी. पण तिच्यातला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स गर्दीत तापतो, आणि त्यातलं मेकाट्रॉनिक युनिट, म्हणजे त्याचा मेंदू, गेलं तर खर्च लाखाच्या पुढे. ते बदलल्याचं बिल बघितल्याशिवाय मी तिला हात लावणार नाही. २०२० पासूनच्या १.० लिटर पोलोत हा गिअरबॉक्स नाही, सहा गिअरचा साधा ऑटोमॅटिक आहे, म्हणून तिची किंमतही चढी.

डोक्याला ताप नको असेल तर २०१७ ची बलेनो आरएस बघा. १०२ पीएस, आणि बरेचसे भाग कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. जुनी फिएस्टा १.६ एस किंवा पॅलिओ १.६ यांच्यावर माझंही प्रेम आहे, पण पहिल्याच गाडीला त्या वाटेला जाऊ नका. नोंदणीची पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीला फिटनेस, नूतनीकरण, पर्यावरण कर असं सगळं लागतं. तुम्ही बघताय ती गाडी पंधराव्या वर्षाच्या किती जवळ आली आहे, ते आरसीवर आधी वाचा.

२. पैशांचे दोन वाटे करा

हातात साडेतीन लाख असतील तर साडेतीन लाखांची गाडी घेऊ नका. अडीचची घ्या. उरलेला लाख वेगळ्या खात्यात टाका आणि तो खर्च झालाच असं समजा. दहा वर्षं जुन्या टर्बो गाडीला पहिल्याच वर्षी बेल्ट, टायर, सस्पेन्शन आणि एसी यांपैकी निदान तीन गोष्टी लागतातच.

आणि दोन गाड्यांमध्ये निवड करायची वेळ आली, तर जिचा पत्रा आणि कागद चांगले ती घ्या, जिचं इंजिन चांगलं ती नव्हे. इंजिनाचं काम मेस्त्री करू शकतो. वाकलेली चेसीस आणि अडकलेली आरसी कुणालाच धड सरळ करता येत नाही.

३. बघायला जाण्याआधी मोबाइलवर बघा

गाडीचा नंबर मागा. द्यायला का-कू केली तर तिथेच रामराम. एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, कितवा मालक, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर थकलेले दंड दिसतात. मी बघितलेल्या एका पोलोवर एकवीस दंड होते, सगळे वेगमर्यादेचे. गाडी कशी चालवली गेली आहे याचा एवढा प्रामाणिक दाखला दुसरा नाही.

नंबर कर्नाटक किंवा दिल्लीचा असेल आणि किंमत हेवा वाटावा इतकी कमी असेल, तर हिशेब पुन्हा मांडा. तिकडून ना हरकत दाखला आणायचा, इथे रोड टॅक्स नव्यानं भरायचा आणि तिकडचा परतावा मागत बसायचं. स्वस्ताई तिथेच जिरते.

४. गाडी थंड असताना बघा

विकणाऱ्याला आदल्या दिवशी सांगा, ‘मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका.’ पोचल्यावर नमस्कार-चमत्काराआधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर काहीतरी झाकलं जातंय. गरम इंजिन गोड बोलतं, खोकला थंड इंजिनालाच येतो.

सोबत न्यायच्या वस्तू: चांगली टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लहान लोहचुंबक, हजारभर रुपयांचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले एरर वाचणारं यंत्र), जुनी चटई आणि एक मित्र, बोलणारा नव्हे, ऐकणारा. मी भावाला नेलं होतं. ब्रोकर माझ्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याला देत होता, आणि त्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. पण त्यामुळे मला निवांत गाडीखाली शिरता आलं.

पत्र्यापासून सुरुवात करा. दारं, बॉनेट आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. चुंबक चिकटता चिकटता एके ठिकाणी सुटलं, तर तिथे पुट्टी आहे. बॉनेटच्या बिजागरीचे नटबोल्ट बघा. त्यांच्यावरचा रंग उडालेला असेल तर ते पान्यानं उघडलेले आहेत. मग पुढच्या चाकांच्या वरचा आतला पत्रा, ज्याला गॅरेजवाले ॲप्रन म्हणतात. कंपनीचं वेल्डिंग म्हणजे ओळीनं सारखे ठिपके. हातानं केलेलं जाड आणि ओबडधोबड असतं. चिंचवडला मी एक लाल, चकचकीत टी-जेट बघितली होती. डावा ॲप्रन बघितला आणि चहा न घेता परत आले.

पुरातली गाडी हा वेगळाच सापळा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून, अत्तर मारून दुसऱ्या शहरात विकायला येतात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाची रेघ दिसते. सीटखालच्या रुळांवर गंज आहे का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, बघा. गालिचा एका कोपऱ्यातून उचला आणि वास घ्या. विकणारा तोंड वाकडं करेल, करू द्या.

टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर ३८ हजार किलोमीटर, टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत? मग मीटर मागे फिरवलेलं आहे. सर्व्हिसची बिलं मागा. वहीवरच्या शिक्क्यांवर जाऊ नका.

आता गाडी सुरू करा. मित्राला सायलेन्सरमागे उभं करा. दोन-तीन मिनिटं गाडी जागेवर सुरू ठेवा आणि मग एकदम रेस द्या. निळा धूर आला तर ऑइल जळतंय: व्हॉल्व्हचं सील किंवा टर्बोचं. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील, गेलेलं. ऑइलचं झाकण उघडा. आत कॉफीच्या फेसासारखं काही दिसलं तर पुढे बोलणं नको. कूलंट गंजलेल्या पाण्यासारखं असेल तर कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतत आलं आहे.

शेवटी स्कॅनर लावा. एकही एरर नाही म्हणून खूश होऊ नका, ‘रेडीनेस’चा, म्हणजे गाडी स्वतःच्या ज्या तपासण्या करते त्यांचा, पडदा उघडा. तिथल्या बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसल्या तर एरर नुकतेच पुसलेले आहेत, निदान बॅटरी तरी काढलेली आहे.

५. चालवून बघा, आणि गाणी बंद ठेवा

गुळगुळीत हायवेवर सगळ्याच गाड्या राजकन्या असतात. आधी खराब रस्त्यावर पंधरा-वीसच्या वेगानं चालवा. लिनिया-पुंटोत पुढून खडखड आली तर स्टीअरिंग रॅक (स्टीअरिंगनं चाकं वळवणारा भाग), लोअर आर्मचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबर) किंवा लिंक रॉड. बुश आणि लिंक रॉड स्वस्त, रॅक महाग. आवाज नक्की कुठून येतो, हे मेस्त्रीच सांगेल.

मग मोकळा चढ शोधा. मी जुना कात्रज घाट घेतला. तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमपासून पूर्ण पेडल दाबा. पाठीला धक्का जाणवला पाहिजे. धक्क्याऐवजी साप फुसफुसल्यासारखा आवाज आला तर टर्बोचा एखादा पाइप फाटलेला आहे, तो किरकोळ खर्च. आवाज नाही, धक्काही नाही, तर टर्बो तपासल्याशिवाय सौदा करू नका. वरच्या गिअरमध्ये आरपीएम वाढतोय आणि वेग तिथेच, असं झालं तर क्लच संपलाय. ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग थरथरलं तर ब्रेकची डिस्क खराब.

सगळं आवडलं तरी त्या दिवशी पैसे देऊ नका. फियाटवर काम केलेल्या मेस्त्रीला हजार-दीड हजार देऊन गाडी लिफ्टवर चढवा. माझ्या मेस्त्रींनी दहा मिनिटांत थर्मोस्टॅटच्या प्लॅस्टिक हाऊसिंगची गळती, फाटलेला इंजिन माउंटिंग आणि ‘बेल्ट कधी बदलला ते देव जाणे’ अशा तीन गोष्टी सांगितल्या. त्यावर ३० हजार रुपये कमी झाले.

६. कागद: इथे घाई केली की नंतर रडावं लागतं

लागणारे कागद असे:

- मूळ आरसी. चेसीस आणि इंजिन नंबर स्वतः गाडीवर ताडून बघा
- गाडी नावावर करायचे फॉर्म २९ (दोन प्रती) आणि फॉर्म ३०, दोघांच्या सह्यांसह
- चालू विमा आणि पीयूसी
- दोघांचं आधार, पॅन आणि तुमच्या पत्त्याचा पुरावा
- चेसीस नंबरचा पेन्सिलनं काढलेला ठसा
- गाडीवर कर्ज होतं तर बँकेचा ना हरकत दाखला आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५
- गाडी ताब्यात घेतल्याची पावती: तारीख, वेळ, मीटरचा आकडा आणि दोघांच्या सह्या

‘कर्ज फिटलंय हो, फक्त आरसीवरून काढायचं राहिलंय,’ हे वाक्य तुम्हाला ऐकू येणारच. राहिलंय ना, मग काढून आणा आणि नंतर भेटू. बोजा उतरल्याशिवाय टोकनसुद्धा देऊ नका.

माझे अडीच महिने वेगळ्याच गोष्टीनं खाल्ले. हस्तांतराचा अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरताना ओटीपी जातो तो विकणाऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर. माझ्या विक्रेत्याचा तो नंबर २०१४ मधला होता आणि केव्हाच बंद पडला होता. गृहस्थ सज्जन, पण तोवर नोकरीनिमित्त परगावी गेलेले. नंबर चालू आहे का, हे पैसे देण्याआधी तपासा. जमलं तर अर्ज त्यांच्यासमोरच भरा.

पैसे फक्त आरसीवर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात, बँकेमार्फत. ब्रोकरचं कमिशन वेगळं. कायद्यानं घेणाऱ्याला हस्तांतरासाठी ३० दिवस असतात, विकणाऱ्यानं राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. नो क्लेम बोनस जुन्या मालकाबरोबर जातो, तो तुम्हाला मिळत नाही. विम्याचा हप्ता धरताना हे लक्षात असू द्या. गाडी १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का बघा. नसेल तर आरटीओतलं काम अडतं. चारचाकीला तिची फी ७४५ रुपये अधिक जीएसटी.

आणि फियाट असेल तर दुसरी किल्ली आणि कोड कार्ड मागा. किल्ली हरवली तर त्या एवढ्याशा कार्डाची किंमत कळते.

७. काम कोणत्या क्रमानं

इथे माझं शहाणपण बघा. गाडी आल्यावर मी सर्वांत आधी सीट कव्हर आणि स्पीकर बदलले. चौथ्या आठवड्यात, साताऱ्याहून येताना खंबाटकीत, तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. थर्मोस्टॅट हाऊसिंग. मेस्त्रींनी बजावलं होतं, मी ‘पुढच्या महिन्यात’ म्हटलं होतं. नवे स्पीकर ऐकत टोइंगची वाट बघितली.

तेव्हा क्रम असा ठेवा.

आधी जीव वाचवणारं: टायमिंग बेल्ट, त्याचे टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच समजा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. माझे १८ हजार गेले. त्याच खेपेला इंजिन ऑइल (टर्बोला फुल सिंथेटिकच), सगळे फिल्टर, प्लग, कूलंट आणि गिअर ऑइल: १२ हजार. थर्मोस्टॅट आणि होज: साडेसहा हजार. पेट्रोलच्या रबरी नळ्याही याच वेळी बघून घ्या. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. कडक झालेली किंवा भेगाळलेली नळी ठेवू नका.

मग थांबवणारं: पुढच्या डिस्क, पॅड आणि ब्रेक फ्लुइड, साडेअकरा हजार. १६ इंची चार टायर, २८ हजार. टायरमध्ये काटकसर करून रीमॅप करणारे, म्हणजे इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवणारे लोक मी बघितले आहेत. त्यांच्या शेजारी बसत नाही.

मग सस्पेन्शन: लोअर आर्म, लिंक रॉड, स्ट्रट माउंट आणि इंजिन माउंटिंग. २६ हजार. अलाइनमेंट यानंतर करा. मी आधी केलं आणि पुन्हा करावं लागलं. गाडी नवी झाली असं वाटलं ते या टप्प्यावर, ताकद वाढवून नव्हे.

राहिलं ते एसीची कूलिंग कॉइल (९ हजार), बॅटरी (साडेपाच) आणि मागच्या बंपरचं पेंटिंग (७ हजार). रंगाचं काम सगळ्यात शेवटी. गॅरेजमध्ये चार खेपा व्हायच्या असतात, ओरखडे पडतातच.

८. सुटे भाग

बीएस-६ हे धुराचे नियम लागू होण्याआधीच फियाटनं इथली पुंटो-लिनिया बंद केली. डिझेलवाल्यांचं बरं आहे, त्यांचं १.३ मल्टिजेट इंजिन स्विफ्टमध्येही होतं. टी-जेटवाल्यांना मात्र हिंडावं लागतं. रांजणगावला आता जीप तयार होतात. जीपच्या सर्व्हिस सेंटरला पार्ट नंबर देऊन विचारा, काही भाग मागवून मिळतात. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या मागच्या गल्ल्या. दुकानदाराला ‘लिनियाचा बुश’ सांगू नका, पार्ट नंबर सांगा. डिझेल लिनियाचा भाग तुमच्या हातात ठेवून तो मोकळा होईल.

वापरलेले भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळतात. आरसे, दिवे, दाराचे हँडल तिथून खुशाल घ्या. टर्बो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) किंवा एअरबॅग घेऊ नका. चोरीचा माल असेल तर बिलाविना तुम्ही अडकता, आणि चांगला असल्याची खात्री तिथे कुणीच देत नाही. काढलेले जुने भाग मेस्त्रीकडून परत मागून घ्या. त्यांना राग येत नाही, उलट काम जपून होतं.

९. ताकद वाढवायची असेल तर

पहिले सहा महिने काहीही करू नका. नंतर रीमॅप करायचाच असेल तर आधी क्लच आणि कूलिंग ठीक आहे का बघा. वाढलेली ताकद सर्वांत कमकुवत भागातून बाहेर पडते. कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं. रंग बदलायचा तर आरसीवर नोंद हवी. आवाज करणारा सायलेन्सर लावला की चौकाचौकात दंड, आणि सोसायटीतले काका वेगळे. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर दाव्याच्या आड येतो.

म्हणूनच विकत घेतानाही आधीच ‘मॉडिफाय’ केलेली गाडी टाळा. तिच्यावर घातलेले पैसे दुसऱ्याचे असतात, तिनं सोसलेले हाल तुमच्या वाट्याला येतात.

१०. पहिले हजार किलोमीटर

रोज सकाळी, गाडी थंड असताना, कूलंटची पातळी आणि आठवड्यातून एकदा ऑइलची काडी बघा. डिकीत दोन लिटर कूलंट, एक लिटर ऑइल, टॉर्च आणि फ्यूजचं पाकीट ठेवा. मी एक वही केली आहे: तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. पेट्रोलचं पानही आहे, शहरात लिटरला नऊच्या आसपास, ते मी फारसं उघडत नाही. हजार किलोमीटरला गाडी पुन्हा लिफ्टवर चढवा, नवे नटबोल्ट एकदा पान्यानं तपासून घ्या आणि कुठे ओल आहे का बघा.

आणि घाट चढून वर आलात, चहाच्या टपरीशी थांबलात, की लगेच किल्ली फिरवू नका. गाडी अर्धा-एक मिनिट जागेवर सुरू राहू द्या. टर्बो तापलेला असतो, इंजिन बंद केलं की त्यातलं ऑइल तिथेच जळून बसतं. तोवर खिडकीतूनच चहा सांगता येतो.